आईची जुनी लेदर पर्स वापरायचीय? खोबरेल तेल लावण्याआधी हे वाचा

कपाटातली जुनी लेदर पर्स कडक झाली, की अनेक जण खोबरेल तेल चोळतात. त्याने चामडं काळपट पडतं, धूळही चिकटते.

चामडं कडक का होतं?
कमावताना चामड्याच्या तंतूंत तेल मुरवलेलं असतं. ते वर्षानुवर्षं कमी होतं आणि घडीवर भेगा पडतात.

आधी काय तपासाल?
आतल्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला गेला, तर वर कोटिंग नाही. अशा चामड्यावर पाण्याचे डाग पडतात, म्हणून फक्त कोरड्या ब्रशने साफ करा.

स्वच्छता कशी?
बुरशी घराबाहेर, मास्क लावून मऊ ब्रशने झटका. कोटिंग असेल तर किंचित ओलसर सुती कापडाने पुसा. सावलीत वाळवा, हेअर ड्रायर नको. मग लेदर कंडिशनरचा पातळ थर द्या, पण आधी कोपऱ्यात लावून पाहा.

काय वाचत नाही?
कंडिशनरने चामडं मऊ होतं, भेगा बुजत नाहीत. लालसर भुकटी झडत असेल, तर चामडंच कुजलंय. पापुद्र्याखाली कापड दिसलं, तर ते कृत्रिम लेदर आहे. दोन्हीवर खर्च करू नका.

ठेवायची कशी?
प्लॅस्टिकमध्ये नको. सुती उशीच्या अभ्र्यात, हवेशीर जागी ठेवा.