भिंतीवरचे जुने शहर

नवे घर घेतले की बैठकीच्या खोलीत आधी आयतीचा तुगरा लागतो, मग मक्का-मदिनेचे चित्र. उरलेल्या भिंतीवर काय लावावे, हा प्रश्न मात्र राहतो. माणसांची चित्रे लावणे अनेक कुटुंबांना पसंत नसते आणि बाजारातल्या शोभेच्या वस्तू चार महिन्यांत जुन्या वाटू लागतात. अशा भिंतीसाठी शहराचा किंवा रस्त्याचा जुना नकाशा फार चांगला. तो शोभतोही आणि घरातल्या मुलांना वाचताही येतो.

एक उदाहरण सांगते. उस्मानी सुलतान सुलेमान 1533 मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत इराण-इराककडे गेला. या मोहिमेचे सचित्र वर्णन मतराक्ची नसूह याने केले. हा मूळचा बोस्नियाचा. गणिती, इतिहासकार आणि तलवारबाजीतही तरबेज. 1537 च्या सुमारास तयार झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या नावात ‘मनाज़िल’ हा शब्द आहे, म्हणजे आपल्या ‘मंज़िल’चे अनेकवचन. फौज वाटेत जिथे जिथे थांबली ते मुक्काम त्याने क्रमाने रंगवले. इस्तंबूल, तब्रीज, बगदाद, हलब (बातम्यांतले अलेप्पो) अशी शंभराहून अधिक चित्रे त्यात आहेत. एका अर्थाने हा रंगीत रस्ता-नकाशाच. मूळ हस्तलिखित इस्तंबूल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

या चित्रांत एकही माणूस नाही. घरे, घुमट, पूल, तटबंदी, झाडे आहेत. काही पानांवर रानातले प्राणी आहेत, पण शहरांच्या पानांवर मुख्य जागा इमारतींचीच.

युरोपात नेमके उलटे होते. कलोन शहरात ब्राउन आणि होगेनबर्ग यांनी 1572 पासून जगातल्या शहरांच्या नकाशांचे सहा खंड काढले. शेवटचा खंड 1617 मध्ये आला. आपल्या शेजारचे गोवा आणि दीव पहिल्याच खंडात आहेत. त्यातल्या अनेक नकाशांपुढे त्या त्या गावच्या पोशाखातली माणसे उभी आहेत. ब्राउनने प्रस्तावनेत त्याचे एक कारण दिले: तुर्कांना माणसांच्या आकृती पाहणे धर्माने मना आहे, म्हणून ते हे नकाशे लढाईसाठी वापरणार नाहीत! त्या तुर्कांच्या दरबारात नसूहची शहरे 35 वर्षांपूर्वीच रंगवून झाली होती, हे त्याच्या गावी नसावे.

नकाशा वाचायचा कसा?

नसूहच्या इस्तंबूलमध्ये डाव्या पानावर गलाता आहे, उजव्या पानावर मुख्य शहर, आणि मधे खाडी. मुलांना गलाताचा मनोरा, आया सोफिया, तोपकापी राजवाडा शोधायला सांगा. मग विचारा, सुलेमानिया मशीद कुठे आहे? ती सापडणार नाही, कारण तिचे बांधकाम 1550 मध्ये सुरू झाले. नकाशात जे नाही, तेही काळ सांगते.

हलबच्या पानावर टेकडीवरचा किल्ला दिसतो. याच शहरातला जुना छत असलेला बाजार 2012 मध्ये युद्धात जळाला. तिथल्या जामा मशिदीचा 1090 च्या सुमाराचा मिनार 2013 मध्ये कोसळला. अशा वेळी भिंतीवरचे ते पान नुसती शोभा राहत नाही. ‘इथे काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर त्यात असते.

घेताना काय पाहावे?

अस्सल पानाच्या मागे धावू नका. पूर्वी अनेक व्यापाऱ्यांनी जुने नकाशासंग्रह फाडून एकेक पान फ्रेमसाठी विकले. त्यात ग्रंथ कायमचा गेला. शिवाय नवी छापील प्रत जुनी म्हणून खपवणारेही असतात. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या जुन्या पानावर कडेने पत्र्याचा दाब उमटलेला असतो, आणि ब्राउनच्या पानांच्या मागे मजकूरही छापलेला असतो.

घरासाठी चांगली प्रत पुरे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जगभरचे हजारो जुने नकाशे मोठ्या आकारात मोफत मिळतात. 18 बाय 24 इंचांची स्वच्छ छपाई हवी असेल तर चित्र 5400 बाय 7200 बिंदूंचे असावे. अर्ध्या बिंदूंतही लांबून पाहण्यापुरते काम भागते, पण बारीक नावे वाचता येत नाहीत. कागद मॅट घ्या, म्हणजे उजेड चमकणार नाही. काच आणि कागद यांमध्ये जाड पुठ्ठ्याची कड ठेवायला सांगा, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत आणि थेट ऊन, दोन्ही टाळा.

आणि फ्रेम मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. वर टांगलेला नकाशा कोणी वाचत नाही.