घरबसल्या पैसा आणि उसाचा कोयता

सभासद बंधू-भगिनींनो,

तोडणीच्या पाहणीसाठी फिरताना गट कार्यालयात एक जुने सभासद मला म्हणाले, "साहेब, बायांला घरबसल्या पंधराशे भेटायलेत. आता कोयता कोन धरणार?" हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आहे, म्हणून चार शब्द लिहितो.

गरिबाला आधार देण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कै. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात त्याच वाटेने लाखो हातांना काम मिळाले आणि १९७७ साली कायदा झाला. तेव्हाचे सूत्र होते, 'मागेल त्याला काम'. आता सूत्र बदलले. काम न मागता रोख रक्कम थेट खात्यात. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बहिणींना महिना १५०० रुपये ठरले.

पैसा मिळाला की माणूस आळशी होतो का? मध्य प्रदेशात 'सेवा' संस्थेने २०११ पासून काही गावांत प्रयोग केला. कसलीही अट न घालता प्रत्येक प्रौढाला महिना २०० रुपये आणि मुलामागे १०० रुपये दिले, पुढे रक्कम वाढवली. दारूवरचा खर्च वाढल्याचे दिसले नाही. उलट लोकांनी बी-बियाणे, जनावरे घेतली. लहान शेतकरी दुसऱ्याच्या बांधावर जाण्याऐवजी स्वतःच्या शेतात जास्त राबले.

हाच प्रश्न मी फडातल्या एका बाईंना विचारला. त्या मोळी बांधता बांधता हसल्या. "पंधराशेत घर चालतंय का, भाऊ? पर औंदा दुकानदाराची उधारी झाली नाही, म्हणून उचल थोडी कमी घेतली." मंडळी, यात सगळे आले. उचल लाखाच्या घरात गेली की माणूस हंगामभर बांधला जातो. न फिटल्यास पुढल्या सालीही. दोन मुकादमांकडून उचल घेऊन टोळी पळते आणि तुमचा ऊस शेतात वाळतो, तेही या नडीपायीच. नड कमी झालेला मजूर दराची बोली करील, हे खरे. ती आपण रास्त मानली पाहिजे. उसाचा भाव आपणही मागतोच की!

आणि अनुदान आपणही घेतो. पीएम किसानचे वर्षाला ६००० आणि २०२३ पासून 'नमो शेतकरी'चे तेवढेच. त्यांनी आपण आळशी झालो काय? फरक एवढाच, की ते सातबारावर मिळते. तोडणी कामगाराच्या नावे बहुधा सातबाराच नसतो.

अर्थात १५०० रुपयांनी दारिद्र्य हटणार नाही. शाळा, दवाखाना, रास्त मजुरी यांची जागा रोख रक्कम घेऊ शकत नाही. हप्ता वेळेवर आला नाही तर पुन्हा सावकार आहेच.

तरी एक विनंती. टोळ्या सहा-सहा महिने गावाबाहेर असतात. केवायसी, बँक खाते, आधार जोडणी राहून जाते व हप्ता अडकतो. आपल्या फडात टोळी आली की एवढी विचारपूस जरूर करा. एखाद्या बाईला मोटारसायकलवर बँकेपर्यंत सोडायला आपले काय जाते?

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी