लोगोतली मोकळी जागा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘जागेचे पैसे मोजलेत, मग ती रिकामी कशाला?’ लोगो करून घेताना हमखास निघणाऱ्या या प्रश्नामागे एक गैरसमज आहे: मोकळी जागा म्हणजे उरलेली जागा. खरं तर आकार दिसतो तोच तिच्यामुळे, आणि याचा रोकडा पुरावा कोल्हापुरातच, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमध्ये आहे. ओतीव भागावर उठावाचं चिन्ह हवं असेल, तर वाळूच्या साच्यात ते खोलगट असतं आणि त्याच्या दोन रेघांमधली फट ही वाळूची उभी भिंत असते. फट फार अरुंद ठेवली तर ती भिंत ढासळते आणि रेघा एकमेकींत मिसळतात. लोखंडावर रंग मदतीला नसतो. चिन्ह टिकवते ती फटच.

दुसरा गैरसमज असा, की निगेटिव्ह स्पेस, अर्थात ही मोकळी जागा, म्हणजे लपवलेलं चित्र. लिंडन लीडर यांनी 1994 मध्ये केलेल्या ‘फेडेक्स’च्या लोगोत शेवटच्या दोन अक्षरांमध्ये बाण आहे, म्हणून हा समज पसरला. पण शेखर कामत यांनी 1971 मध्ये केलेलं स्टेट बँकेचं बोधचिन्ह पाहा. निळ्या वर्तुळातलं गोल छिद्र आणि खाली उतरणारी फट सगळ्यांसमोर उघडी आहे. ती बुजवली तर निळी चकती तेवढी उरेल. ‘अनेकांना तो बाण दिसतच नाही, मग उपयोग काय?’ हा आक्षेप रास्त आहे. पण बाण न दिसणाऱ्यालाही कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येतं. लपलेला अर्थ सापडला नाही तरी लोगोचं काम अडता कामा नये, हीच त्याची कसोटी.

शिरोरेषेमुळे देवनागरीत मोकळ्या जागेचा असा वापर जमत नाही, हा तिसरा गैरसमज. उलट आपली लिपी मोकळ्या जागेतूनच अर्थ सांगते. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतला मोठा फरक शिरोरेषेतल्या खंडाचा आहे. ‘ब’चं पोट शाईने भरलं तर तो ‘व’पासून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून देवनागरी लोगोत या जागा जपणं ही चैन नाही, वाचनीयतेची अट आहे.

तेव्हा लोगो मंजूर करण्यापूर्वी तो एकाच रंगात, सेंटीमीटरभर आकारात छापून पाहा. त्यातल्या फटी बुजल्या, तर तो परत पाठवा.