बर्मा बाजारची अत्थो: गाडीवरची, पण घरची

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, बीच स्टेशनसमोरच्या बर्मा बाजारालगत, संध्याकाळी अत्थोच्या, म्हणजे कालवलेल्या बर्मी नूडल्सच्या, हातगाड्या लागतात. याला ‘स्ट्रीट फूड’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. माझ्या मते हे मुळात घरचं जेवण आहे. १९६२ मध्ये ने विन यांनी ब्रह्मदेशात सत्ता बळकावली, पुढे दुकानं-धंदे सरकारजमा झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली तमिळ कुटुंबं जवळपास रिकाम्या हातांनी परतली. १९६९ मध्ये त्यांच्यासाठी हा बाजार उभा राहिला. सामान तिकडेच राहिलं, स्वयंपाक तेवढा सोबत आला. कृतीच बघा: उकडलेल्या केशरी नूडल्सवर कच्चा कोबी, कांदा, तळलेला लसूण, चिंचेचं पाणी, तिखट आणि बेजो नावाच्या कुरकुरीत तळणीचा चुरा पडतो, मग सगळं भेळेसारखं, पण चमच्याने नव्हे, थेट हाताने कालवतात. सोबत केळीच्या गाभ्याचं गरम सूप.

यावरचा आक्षेप ठरलेला: हे अस्सल बर्मी नाही. खरंय, हे सूप ज्यावरून आलं त्या बर्मी मोहिंगाचं मूळ सार माशाचं, आणि इथे बऱ्याच गाड्यांवर मासाच गायब! पण केळीचा गाभा तिकडच्या मोहिंगातही पडतो. शिवाय मुलूख बदलला की चूल बदलतेच. तंजावरच्या मराठी घरांतला स्वयंपाक तरी तीनशे वर्षांत साताऱ्यासारखा कुठे राहिला? तेव्हा चेन्नईला गेलात तर एक संध्याकाळ इथे काढा. सूप आवर्जून मागा, आणि तिखट कमी हवं असेल तर कालवण्याआधीच सांगा.