बॉक्साइट जाते, ॲल्युमिना येते : घानाच्या एका कारखान्याचा हिशेब

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या किनाऱ्यावर ताकोराडी आणि तेमा ही दोन मोठी बंदरे आहेत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कित्येक वर्षे ताकोराडीच्या धक्क्यावरून अवासोच्या डोंगरातील तांबूस बॉक्साइट जहाजांत भरून स्कॉटलंडमधील बर्नटायलंडच्या कारखान्याकडे रवाना होत असे. आणि त्याच काळात, त्याच किनाऱ्याच्या पूर्वेस असलेल्या तेमा बंदरात, पिठासारखे शुभ्र ॲल्युमिना समुद्रापलीकडून येऊन उतरत असे. ज्या देशाच्या भूमीत खनिज आहे, ज्याच्या नदीवर प्रचंड धरण आहे आणि ज्याच्या किनाऱ्यावर धातू गाळणाऱ्या भट्ट्या आहेत, त्या देशाने स्वतःचे खनिज बाहेर धाडावे व परक्याने शुद्ध केलेले द्रव्य विकत घ्यावे, हे प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटते. परंतु या व्यवहारामागे रीतसर अहवाल होता, करारनामा होता आणि आकड्यांची सुसंगत मांडणीही होती. म्हणूनच खनिजप्रक्रियेची व्यवहार्यता कशी तपासावी, हे शिकण्यास हे उदाहरण फार मोलाचे आहे.

बॉक्साइटचे ढेकूळ आपल्यालाही अपरिचित नाही. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडच्या पठारावर ते मिळते आणि तेथील माल बेळगावच्या कारखान्यात जाऊन त्याचे ॲल्युमिना झालेले आहे. उष्ण प्रदेशातील पावसाने युगानुयुगे धुऊन काढलेल्या खडकाचा हा अवशेष. रंगाने विटकरी, अंगाने खरबरीत, आणि पुष्कळदा वाटाण्याएवढ्या गोट्या एकमेकींना चिकटून घट्ट झाल्यासारखा दिसणारा. त्यातून धातू काढण्याचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात दगड दळून दाबाखाली उष्ण कॉस्टिक सोड्यात विरघळवतात; लोह मागे राहून त्याचा तांबडा चिखल होतो, आणि निवळलेल्या द्रावणातून मिळालेले स्फटिक भाजले की पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिना, हाती येते. दुसऱ्यात ही भुकटी सुमारे साडेनऊशे अंश उष्णतेच्या क्रायोलाइटच्या रसात टाकून विजेच्या प्रवाहाने तिचे विघटन करतात. ढोबळ मानाने चार टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना आणि त्यापासून एक टन ॲल्युमिनियम धातू मिळतो. आणि त्या एका टनापायी चौदा-पंधरा हजार युनिट वीज खर्ची पडते. वीज काही तास बंद पडली तर रस थिजतो आणि भट्टीच निकामी होते.

या दोन टप्प्यांच्या स्वरूपातच व्यवहार्यतेचे सर्व प्रश्न दडलेले आहेत. डोंगरात साठा किती, एवढ्यावर भागत नाही. त्या दगडात सिलिका किती, हेही पाहावे लागते, कारण सिलिका महागडा सोडा खाऊन टाकते आणि उत्तम दिसणारा साठा हिशेबात तोट्याचा ठरतो. सोडा कोठून येणार, चिखल कोठे साठवणार, खाणीपासून बंदरापर्यंतचा लोहमार्ग किती टनांचा भार सोसणार, अवर्षणाच्या वर्षी धरणात पाणी किती राहणार आणि एवढे भांडवल कोणत्या मुदतीने व कोणत्या व्याजाने मिळणार, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेतील चाचणीने, मोजणीने व लेखी हमीने मिळाल्यावाचून अहवालावर सही होऊ नये.

घानात ही तपासणी थोडीथोडकी झाली नाही. भूगर्भशास्त्रज्ञ ॲल्बर्ट किट्सन यांनी 1915 मध्येच व्होल्टा नदीवर धरण बांधून येथील बॉक्साइटवर प्रक्रिया करण्याची कल्पना मांडली होती. पुढे रॉबर्ट जॅक्सन यांच्या नेतृत्वाखालील आयोगाने वर्षानुवर्षे अभ्यास करून 1956 मध्ये विस्तृत अहवाल दिला. त्यात खाण, लोहमार्ग, ॲल्युमिना, धातू व वीज अशी संपूर्ण साखळी गृहीत होती. 1957 मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि देशाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी या योजनेस राष्ट्राच्या उत्कर्षाचे साधन मानले. परंतु एवढे भांडवल जमेना. तेव्हा अमेरिकेच्या कैसर कंपनीने 1959 मध्ये योजनेची फेरतपासणी करून खर्च कमी केला : धरण अकोसोंबोस, भट्ट्या तेमास, आणि खाण व ॲल्युमिना यांचा टप्पा तूर्त लांबणीवर.

त्या ‘तूर्त’ शब्दात अर्धे शतक लोटले. धरणासाठी जागतिक बँकेने 4 कोटी 70 लाख डॉलर कर्ज दिले. 22 जानेवारी 1966 रोजी धरणाचे उद्घाटन झाले, आणि महिना-सव्वा महिन्यात एन्क्रुमा सत्तेवरून दूर झाले. 1967 मध्ये तेमा येथील, कैसर भागीदार असलेला व्हाल्को हा भट्ट्यांचा कारखाना सुरू झाला. त्याला वीज मिळे ती युनिटला अमेरिकी सेंटच्या सुमारे पाव हिश्श्याने, दीर्घ मुदतीच्या कराराने. धरणापायी सुमारे 8,500 चौरस किलोमीटर भूमी पाण्याखाली गेली, सुमारे 80,000 माणसांना घरदार सोडावे लागले, आणि तलावाकाठच्या वस्त्यांत बिलहार्झियाचा रोग पसरला. 1983-84 च्या अवर्षणात पाणी इतके उतरले की कारखानाच बंद ठेवावा लागला. त्याच सुमारास सरकारने नव्याने वाटाघाटी करून विजेचा दर बराच वाढवून घेतला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, भट्ट्यांसारखे खात्रीचे गिऱ्हाईक नसते तर धरणाला कर्ज मिळणे दुष्कर होते, आणि त्या धरणाने पुढे घानाची घरे उजळली व टोगो-बेनिनलाही वीज पुरवली. दोष कैसरच्या आकडेमोडीत शोधण्यात अर्थ नाही. कंपनीच्या दृष्टीने तो हिशेब बिनचूकच होता. मात्र तो कंपनीचा हिशेब होता. राष्ट्राच्या हिशेबात बुडालेली शेते, विस्थापितांची पुढची पिढी, स्वस्त विजेतून निसटलेला महसूल आणि मधल्या टप्प्याअभावी न शिकलेली विद्या या रकमा स्वतंत्रपणे मांडाव्या लागतात, आणि त्या मांडण्याचे काम सरकारच्या स्वतःच्या तज्ज्ञांवाचून दुसरे कोणी करीत नाही.

घाना सरकारने 2004 मध्ये व्हाल्कोतील कैसरचा हिस्सा व 2008 मध्ये उरलेला हिस्साही विकत घेतला, आणि 2018 मध्ये संपूर्ण साखळी उभारण्यासाठी कायद्याने महामंडळ स्थापले. साठहून अधिक वर्षांपूर्वी गाळलेला दुवा आता नव्याने, कितीतरी महाग भांडवलाने, जोडावा लागत आहे. ज्या देशांना आपल्या खनिजावर आपल्याच भूमीत प्रक्रिया करावयाची आहे, त्यांच्यासाठी यातून निघणारा नियम साधा आहे. पुढे ढकललेल्या प्रत्येक टप्प्यापुढे करारातच तारीख घालावी, ती टळल्यास काय होईल याचे कलम लिहावे, विजेचा दर धातूच्या भावाशी बांधावा, आणि या अटी मान्य होत नसतील तर डोंगर आणखी काही वर्षे जसाच्या तसा राहू द्यावा. खनिज नासत नाही. घाईने केलेला करार मात्र पिढ्यान्‌पिढ्या फेडावा लागतो.