प्रभार वगळलेला कणा : पेप्टाइड न्यूक्लिइक आम्लाची घडण

डीएनएचे दोन धागे एकमेकांना ओळखतात ते क्षारकांच्या जोड्यांमुळे : ॲडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन. परंतु या धाग्यांचा कणा शर्करा आणि फॉस्फेट यांचा असून प्रत्येक फॉस्फेटावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे जोडी जुळवू पाहणारे धागे त्याच वेळी एकमेकांना दूरही लोटत असतात आणि द्रावणातील क्षारांच्या धन आयनांनी हे अपसारण सौम्य केल्यावरच द्विसर्पिल स्थिर राहते. क्षारक तसेच ठेवून कणा मात्र प्रभारहीन घेतला तर काय होईल, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

कोपनहेगन येथील पीटर नील्सन, मायकेल एगहोल्म, रॉल्फ बेर्ग आणि ओले बुखार्ड्ट यांनी 1991 साली असा रेणू प्रसिद्ध केला. त्यात शर्करा आणि फॉस्फेट यांच्या जागी अमिनोएथिल ग्लायसिनाचे घटक असून ते, प्रथिनांत ॲमिनो आम्ले जोडली जातात तशाच, अमाइड बंधांनी सांधलेले होते. कण्याच्या एका घटकात डीएनएप्रमाणेच सहा अणूंचे अंतर राखल्यामुळे क्षारकांमधील अंतरही जुळून आले. या रेणूला पेप्टाइड न्यूक्लिइक आम्ल, म्हणजेच पीएनए, असे नाव मिळाले. वास्तविक तो आम्लही नाही आणि काटेकोर अर्थाने पेप्टाइडही नाही.

संशोधकांची मूळ अपेक्षा अशी होती की, थायमीनयुक्त ही साखळी डीएनएच्या द्विसर्पिलाच्या खोबणीत बसून त्रिसर्पिल घडवील. प्रत्यक्षात पीएनएचे दोन धागे ॲडेनीनच्या धाग्याला दोन्ही बाजूंनी बिलगले आणि त्याचा मूळ जोडीदार बाजूला ढकलला जाऊन वेटोळ्याच्या रूपात मोकळा राहिला. ही घुसखोरी क्षारांचे प्रमाण कमी असतानाच सहज साधते, कारण क्षार वाढले की डीएनएचे स्वतःचे द्विसर्पिल बळकट होते, याउलट पीएनएच्या पकडीला क्षारांच्या आधाराची गरजच नसते. मिश्र क्षारकक्रमाचा पीएनए जोडीचे नेहमीचे नियम पाळतो, हे 1993 साली दिसून आले. एक क्षारक जरी चुकला तरी या जोडीची स्थिरता डीएनए-डीएनए जोडीपेक्षा अधिक घटते. शिवाय न्यूक्लिइक आम्ले तोडणारी विकरे पीएनएला ओळखत नाहीत आणि प्रथिने तोडणारीही नाहीत.

मात्र हा कणा फार लवचिक असल्यामुळे बंध जुळताना त्याला एका ठरावीक आकारात स्थिरावण्याची किंमत मोजावी लागते, आणि डीएनए व आरएनए यांच्यात तो फारसा भेदही करत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील कृष्ण गणेश, वैजयंती कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके या उणिवेवर केलेले काम या विषयाच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदले जायला हवे. एथिलच्या दोन कार्बनांभोवतीचा पिळाचा कोन आरएनएशी जुळलेल्या पीएनएत सुमारे 60 ते 70 अंश, तर डीएनएशी जुळलेल्यात 140 अंशांच्या आसपास असतो. हे लक्षात घेऊन ते दोन कार्बन सहा कार्बनांच्या सायक्लोहेक्झेन वलयात, दोन्ही जोड एकाच बाजूला येतील असे, गुंफले की हा कोन साधारण 65 अंशांवर बांधला जातो. असा पीएनए डीएनएपेक्षा आरएनएला स्पष्टपणे अधिक पसंती देतो, हे या गटाने 2005 साली दाखवले. पाच कार्बनांचे वलय वापरल्यास ते थोडे वाकू शकते, म्हणून त्यावर बेतलेले पीएनए दोघांशीही घट्ट जुळतात. डीएनए की आरएनए, ही निवड करते ती कण्याची भूमिती, क्षारक नव्हेत, हे येथे उघड होते.

उपयोगाच्या बाबतीत निदानक्षेत्र पुढे गेले. जनुकाच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर चाचणीत सामान्य जनुकाला जुळणारा पीएनए घातला, की तो त्या जागेवर ठाण मांडतो. पॉलिमरेज विकराला त्याच्यापासून नवा धागा वाढवता येत नाही, त्यामुळे सामान्य जनुकाच्या प्रती निघणे थांबते आणि ज्यावर पीएनए नीट बसत नाही, त्या उत्परिवर्तित जनुकाच्या मोजक्या प्रतीही वाढून दिसू लागतात.

औषधाची वाट मात्र अवघड ठरली. प्रभारहीन पीएनए पेशीपटल ओलांडत नाही, लांब साखळी पाण्यात गुठळ्या धरते आणि पेशीने पोटात घेतलेला रेणूही बहुधा पुटिकांतच अडकून पडतो. त्यावर उपाय म्हणून लायसीन किंवा आर्जिनीन यांसारखी धनप्रभारी ॲमिनो आम्ले जोडली जातात, पण हा उपाय हात राखूनच करावा लागतो : धन प्रभार जास्त झाला तर रेणू क्षारकक्रम न पाहताच कोणत्याही न्यूक्लिइक आम्लाच्या फॉस्फेटांना चिकटू लागतो आणि पीएनएचा निवडकपणाच कमी होतो.