मॅनहोलमधला वायू आणि काळा पडणारा कागद

नाक का फसते

गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये मैला साचून तिथला प्राणवायू संपला, की काही जिवाणू सल्फेटवर जगू लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास सगळ्यांना ठाऊक असतो, आणि घात इथेच होतो. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे १०० भाग झाले, की काही मिनिटांत नाक बधिर होते. वास येईनासा होतो, वायू मात्र तिथेच असतो. प्रमाण हजारापर्यंत गेले तर एकदोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत तिघाचौघांचा जीव गेल्याच्या बातम्या येतात, त्या बहुतेकदा अशाच घडलेल्या असतात.

कागदावर काय घडते

नाकावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून हा वायू ओळखायला एक कागद वापरतात. गाळणकागद लेड ॲसिटेटच्या द्रावणात बुडवून वाळवतात आणि वापरायच्या वेळी पाण्याने ओला करतात. हायड्रोजन सल्फाइड त्या ओलाव्यात विरघळतो आणि त्यातले गंधक शिशाशी संयोग पावते. तयार होणारे लेड सल्फाइड काळे असते आणि पाण्यात विरघळत नाही, म्हणून डाग कागदावर टिकून दिसतो. वायू थोडा असेल तर तो तपकिरी दिसतो, जास्त असेल तर काळाभोर. बारावीच्या क्षार-परीक्षणात सल्फाइड ओळखायला हाच कागद वापरतात.

शिसे विषारी आहे. कागद हाताळताना हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत.

चेंबरवर तपासणी

झाकण काढून ओला कागद दोरीने आत सोडतात आणि साधारण पाच मिनिटे ठेवतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने कागद तोंडाशी धरून भागत नाही, तो तळाजवळ पोचला पाहिजे. काळा पडला तर आत उतरायचे नाही.

पांढरा राहिला तर?

तरीही उतरायचे नाही. मिथेन, कार्बन मोनॉक्साइड किंवा प्राणवायूची कमतरता यांपैकी काहीच हा कागद दाखवत नाही. शिवाय गाळात अडकलेला वायू ढवळताक्षणी सुटतो, म्हणजे तपासणी झाल्यावरही हवा विषारी होऊ शकते. त्यासाठी एकाच वेळी अनेक वायू मोजणारे आणि सतत चालू राहणारे यंत्र लागते. कागदाला सुरक्षिततेचा दाखला मानणे मला गैर वाटते. धोका आहे एवढेच तो सांगू शकतो.

कायदा

संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला माणूस उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली.

तुमच्या सोसायटीची टाकी तुंबली, तर मैला उपसणारी गाडी बोलवा. कमी पैशांत उतरायला कुणी तयार झाला, तरी त्याला उतरू देऊ नका.